उच्च न्यायालयाचे जुने बिऱ्हाड

मुंबईत शहीद भगतसिंग मार्गावर, नौदल गोदीच्या लायन गेटसमोर, ‘ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग’ नावाची एक जुनी इमारत आहे. खाली दुकाने, वर कार्यालये, समोर बसगाड्यांची वर्दळ. फोर्ट भागात अशा इमारती पावलोपावली दिसतात, त्यामुळे हिच्यासमोर मुद्दाम कुणी थांबत नाही. तिचे नाव एका हॉटेलचे आहे आणि ते हॉटेल बंद होऊनही कित्येक दशके लोटली आहेत. कामानिमित्त मुंबईला जाणारे नागपूरचे वकील या रस्त्यावरून अनेकदा गेले असतील. नागपूर खंडपीठ ज्या उच्च न्यायालयाचा भाग आहे, त्याचे पहिले बिऱ्हाड याच घरात होते, हे मात्र त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

बिऱ्हाड हाच शब्द इथे योग्य. १४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबई उच्च न्यायालय सुरू झाले, तेव्हा त्याला स्वतःची वास्तू नव्हती. त्याच्या आधीचे सर्वोच्च न्यायालय आणि त्याच्याही आधीचे रेकॉर्डरचे न्यायालय असा साठ वर्षांहून अधिक काळचा संसार या घरात मांडलेला होता. नवे न्यायालय त्याच संसारात आले आणि आणखी सोळा वर्षे राहिले. घर बांधले होते राहण्यासाठी. गव्हर्नर तिथे राहिला, आरमाराचे प्रमुख राहिले, मग न्यायाधीश आले, त्यांच्या मागून प्रवासी आणि शेवटी दुकानदार. एकाच वास्तूच्या वाट्याला इतकी माणसे आणि इतकी कामे आली, तरी ती उभी राहिली. नागपूरच्या न्यायसंस्थेचा इतिहास सांगायचा तर सुरुवात या घरापासून करावी लागते.

घर कोणत्या काळातले? इंग्लंडच्या गादीवर १७१४ ते १८३० या काळात एकापाठोपाठ चार जॉर्ज बसले आणि त्या काळातल्या बांधणीला जॉर्जियन हे नाव पडले. या शैलीत बाहेरून फारसा नटवेपणा नसतो. दर्शनी भिंत सपाट, खिडक्या एका ओळीत आणि एकाखाली एक, डावी बाजू उजवीला जुळणारी. पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या सर्वांत उंच, कारण घराची मुख्य दालने तिथे; वरच्या मजल्यांवर त्या आखूड होत जातात. दारावर अर्धगोल झरोका आणि खाली-वर सरकणारी तावदाने या तिच्या ठळक खुणा. सारे सौंदर्य प्रमाणात असते. खिडकीची उंची रुंदीच्या किती पट, दोन खिडक्यांमध्ये भिंत किती सोडायची, याचा हिशेब सोळाव्या शतकातल्या पॅलाडिओ या इटालियन वास्तुकाराच्या ग्रंथापर्यंत मागे जातो. लंडनमध्ये १७७४ च्या बांधकाम कायद्याने घरांचे वर्ग ठरवून दिले, भिंतींची जाडी ठरवली, आगीच्या भीतीने बाहेरचे लाकूडकाम कमी करायला लावले. त्यामुळे रस्तेच्या रस्ते एका साच्यातले झाले.

या घरांची पुढे दुकाने झाली. बाथ शहरातला मिलसम स्ट्रीट १७६० च्या दशकात राहत्या घरांसाठी आखला गेला होता. आज तो तिथला मुख्य बाजार आहे. एडिंबरातल्या जॉर्ज स्ट्रीटचीही हीच गोष्ट. श्रीमंत मंडळी मोकळ्या हवेसाठी शहराबाहेर गेली, रस्ता मात्र शहराच्या मध्यावरच राहिला आणि मध्यावरची जागा व्यापाऱ्याला हवी असते. घराची रचनाही त्याला सोयीची होती. दर्शनी भाग थेट रस्त्याकडे, दालने उंच आणि चौकोनी, मध्ये जिना. खालच्या खिडक्या थोड्या मोठ्या केल्या की दुकान तयार होई आणि वरच्या मजल्यांना हात लावावा लागत नसे.

आपल्याकडच्या वाड्याशी ताडून पाहिले की यातला फरक स्पष्ट होतो. महालातला किंवा इतवारीतला जुना वाडा आत पाहतो. देवडी ओलांडली की चौक, चौकाभोवती ओसरी आणि सगळे जगणे त्या चौकाकडे तोंड करून. अशा वाड्याचा दर्शनी भाग भाड्याने देता येतो आणि नागपुरात तो पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला आहे. पण चौकाचे दुकान करायचे तर वाडा मोडावाच लागतो. लायन गेटसमोरच्या घराला चारदा धंदा बदलूनही मोडावे लागले नाही, याचे एक कारण त्याच्या बांधणीत आहे.

मुंबईत आल्यावर मात्र या शैलीला मुंबईचे हवामान मानावे लागले. लंडनची घरे एकमेकांना चिकटून असत. इथे वारा खेळण्यासाठी घर मोकळे ठेवावे लागे. पावसासाठी उतरते छप्पर, उन्हासाठी व्हरांडा, पालखी आणि घोडागाडीसाठी पोर्च. विटांच्या भिंतींना चुन्याचा गिलावा घोटून गुळगुळीत करत. तुळया आणि फळ्या सागवानाच्या, कारण पश्चिम किनाऱ्यावरचे सागवान गोदीत जहाजांसाठी येतच होते. काच महाग आणि दूरवरून यायची, म्हणून अनेक घरांत शिंपल्यांच्या पातळ तावदानांच्या खिडक्या असत. गोव्यात त्या आजही पाहायला मिळतात. नकाशा इंग्लंडचा असला तरी हात इथल्या गवंड्यांचे आणि सुतारांचे होते, ही गोष्ट अशा घरांविषयी लिहिताना फार वेळा राहून जाते.

या घराशी जोडलेले पहिले मोठे नाव विल्यम हॉर्नबीचे. हा १७७१ ते १७८४ मुंबईचा गव्हर्नर होता आणि घर ‘हॉर्नबी हाउस’ म्हणून ओळखले जाई. मुंबईकर त्याला ओळखतात ते वरळीच्या खाडीतोंडाशी बांधलेल्या हॉर्नबी वेलार्डमुळे. भरतीचे पाणी शहरात शिरू नये म्हणून घातलेल्या त्या बांधानंतरच मुंबईची बेटे खऱ्या अर्थाने एक होऊ लागली. आजचा दादाभाई नवरोजी मार्ग पूर्वी हॉर्नबी रोड होता, तोही याच्याच नावाने.

मराठी वाचकाला हॉर्नबी आठवायला हवा तो आणखी एका कारणाने. १७७५ मध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह झाला तो त्याच्याच कारकिर्दीत. त्या तहातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले. राघोबांना पुण्याच्या गादीवर बसवायला निघालेली मुंबईची फौज जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांच्या कोंडीत सापडली आणि तिच्या सेनानींनी शरणागतीचा करार केला. हॉर्नबीच्या सरकारने तो करार मानायलाच नकार दिला. पुढे नाना फडणवीसांनी इंग्रजांविरुद्ध जी चौकडी जमवली तिच्यात नागपूरचे मुधोजी भोसलेही होते. त्यांची फौज कटकेपर्यंत गेली, पण वॉरन हेस्टिंग्जने पैशाच्या बळावर तिला बंगालवर येऊ दिले नाही. म्हणजे ज्या घरात नागपूरच्या आजच्या न्यायालयाची मुळे सापडतात, त्या घराचा एके काळचा धनी नागपूरकरांच्या शत्रुपक्षात होता.

हॉर्नबी मायदेशी परतला आणि हॅम्पशर परगण्यात हूक येथे त्याने मोठे घर बांधले. ते मुंबईच्या गव्हर्न्मेंट हाउसच्या धर्तीवर होते असे सांगतात. इंग्लंडहून मुंबईला आलेला घरांचा नमुना मुंबईचे वळण घेऊन परत गेला, हे वास्तुशास्त्राच्या इतिहासातले एक मनोहर पान आहे. ते घर विसाव्या शतकाच्या आरंभी आगीत गेले.

मुंबईतले घर काही वर्षे आरमाराच्या प्रमुखाकडे होते. समोरच गोदी आणि गोदीत वाडिया घराण्याचे जहाजबांधणीचे काम जोरात चाललेले. आरमाराच्या मुख्याला याहून सोयीची जागा सापडली नसती. या वास्तव्यामुळे घराला ‘अ‍ॅडमिरल्टी हाउस’ हेही नाव मिळाले. त्यानंतर न्यायालय आले.

मुंबईतल्या इंग्रजी न्यायालयांना दुसऱ्यांच्या घरात बसायची सवय जुनीच होती. १७२६ च्या सनदेने मेयरचे न्यायालय स्थापन झाले, त्याच्या बैठका भरत त्या रामा कामतीच्या वाड्यात. या वाड्याची कथा ऐकली की मन विषण्ण होते. रामा कामती हा कंपनीच्या विश्वासातला सारस्वत व्यापारी, वाळकेश्वराच्या देवळाच्या जीर्णोद्धाराशी ज्याचे नाव जोडलेले. कान्होजी आंग्र्यांशी त्याचे आतून संधान आहे, असा आरोप ठेवून गव्हर्नर बूनने त्याच्यावर खटला चालवला. पुराव्यात दाखल झालेले पत्र बनावट होते, हे पुढे उघड झाले. तोवर त्याची मालमत्ता गेली होती आणि तो कैदेत खितपत होता. बनावट पुराव्यावर हिरावून घेतलेल्या वाड्यात न्यायदानाचे काम चालावे, हे त्या काळातल्या कोणाला खटकले नाही. आज ते खटकायला हवे.

१७९८ च्या सनदेने मेयरच्या न्यायालयाची जागा रेकॉर्डरच्या न्यायालयाने घेतली. सर विल्यम सायर हे पहिले रेकॉर्डर. एकोणिसावे शतक उजाडता उजाडता न्यायालय हॉर्नबीच्या घरात राहायला आले. पुढच्या रेकॉर्डरांपैकी सर जेम्स मॅकिंटॉश यांचे नाव आजही घेतले जाते, ते १८०४ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या लिटररी सोसायटीमुळे. तिच्यातूनच पुढे मुंबईची एशियाटिक सोसायटी उभी राहिली. १८०३ च्या फेब्रुवारीत फोर्टमध्ये भयंकर आग लागली आणि उत्तरेकडचा मोठा भाग बेचिराख झाला. दक्षिणेकडे, गोदीजवळ असलेले हे घर वाचले.

८ मे १८२४ रोजी रेकॉर्डरचे न्यायालय जाऊन सर्वोच्च न्यायालय आले. मुख्य न्यायाधीश होते सर एडवर्ड वेस्ट. अर्थशास्त्राचे अभ्यासक त्यांना जमिनीच्या खंडाच्या सिद्धांतामुळे ओळखतात. डेव्हिड रिकार्डोच्या बरोबरीने, त्याच सुमारास त्यांनी तो स्वतंत्रपणे मांडला होता. मुंबईत त्यांची ख्याती वेगळी झाली. कंपनीच्या अधिकाऱ्यांनाही कायदा लागू आहे, असा आग्रह धरल्यामुळे ते सरकारचे नावडते झाले. १८२८ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले, त्यापाठोपाठ ऑक्टोबरमध्ये सर चार्ल्स चेंबर्सही गेले. तीन न्यायाधीशांच्या न्यायालयात सर जॉन पीटर ग्रँट एकटे उरले.

आणि मग त्या घरात असा प्रसंग घडला की त्याचे पडसाद थेट लंडनपर्यंत गेले. खटला मराठी होता. पुण्याचा मोरो रघुनाथ नावाचा चौदा वर्षांचा मुलगा पांडुरंग रामचंद्र या वडीलधाऱ्या आप्ताच्या ताब्यात होता. पांडुरंगराव सरदार घराण्यातले. पेशवाई बुडाल्यावर अशा सरदारांना कंपनीने सामान्य न्यायालयांच्या अधिकारातून सूट दिली होती. मुलाला कोंडून ठेवले आहे आणि त्याच्या जिवाला धोका आहे, अशी तक्रार त्याच्या नातलगांनी सर्वोच्च न्यायालयात नेली. न्यायालयाने देहोपस्थितीचा आदेश काढला. मुलाला आमच्यासमोर आणा आणि कोणत्या अधिकाराने त्याला ठेवले ते सांगा, असा त्याचा अर्थ.

गव्हर्नर सर जॉन माल्कम खवळले. पुण्यावर या न्यायालयाचा अधिकार नाही, असे सरकारचे म्हणणे. आदेश काढू नयेत, असे पत्र गव्हर्नर आणि त्याच्या कौन्सिलने ऑक्टोबर १८२८ मध्ये न्यायाधीशांना पाठवले. न्यायाधीशाला खासगी पत्राने सूचना देणे हीच बेअदबी, असे उत्तर त्यांना मिळाले. ग्रँट एकटे उरल्यावर भांडण विकोपाला गेले. आदेश निघत होते, पण बजावायला सरकार माणसे देईना. तेव्हा १ एप्रिल १८२९ रोजी ग्रँट यांनी सर्वोच्च न्यायालयच बंद केले. आदेश पाळला जात नसेल तर न्यायालय चालवण्यात अर्थ नाही, ही त्यांची भूमिका होती.

लंडनमध्ये हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष होते लॉर्ड एलनबरो. त्यांनी माल्कमना लिहिलेले पत्र फुटले आणि वर्तमानपत्रांत छापून आले. नवे दोन न्यायाधीश पाठवतो आहोत, म्हणजे ग्रँटची अवस्था दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मध्ये सापडलेल्या रानटी हत्तीसारखी होईल, असा त्याचा मजकूर होता. सत्तेला न्यायाधीश कसा हवा असतो, हे इतक्या उघडपणे क्वचितच कुणी लिहिले असेल. प्रिव्ही कौन्सिलचा निर्णयही ग्रँट यांच्या विरुद्ध गेला. मुंबई बेटाबाहेरच्या, कंपनीच्या न्यायालयांच्या हद्दीतल्या माणसांसाठी सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश काढू नये, असे ठरले.

अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर ग्रँट चुकले असे कायद्याचे पुस्तक सांगते. तरीही त्यांचा मान वाटतो. ज्या घराचे भाडे सरकार भरत होते, त्याच घरात बसून एका न्यायाधीशाने सरकारला नकार दिला आणि तोही एका मराठी मुलाच्या देहस्वातंत्र्यासाठी.

या घरातला दुसरा मोठा खटला १८६२ चा, ‘महाराज लायबल केस’ म्हणून गाजलेला. करसनदास मुळजी या तरुण सुधारकाने ‘सत्यप्रकाश’ या आपल्या गुजराती पत्रात वल्लभ संप्रदायातल्या काही महाराजांच्या वर्तनावर २१ ऑक्टोबर १८६० रोजी लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनी बदनामीबद्दल पन्नास हजार रुपयांचा दावा लावला. २५ जानेवारी १८६२ रोजी सुनावणी सुरू झाली. सर मॅथ्यू सॉसे आणि सर जोसेफ अर्नोल्ड न्यायासनावर. धर्माच्या नावाखाली जे चालले ते न्यायालयात सांगायचे कोणी? साक्षीला उभे राहिले डॉ. भाऊ दाजी लाड. वैद्यक म्हणून आपण कोणावर कोणत्या रोगाचे उपचार केले, हे त्यांनी शपथेवर सांगितले. त्या काळात अशी साक्ष देणे म्हणजे अर्ध्या शहराचा रोष ओढवून घेणे होते. २२ एप्रिलला निकाल लागला. मुख्य मुद्द्यावर करसनदास जिंकले. जे नीतीच्या दृष्टीने चूक आहे ते धर्माच्या दृष्टीने योग्य असू शकत नाही, हे अर्नोल्ड यांच्या निकालपत्राचे सार मुंबईतल्या सुधारकांना पुढे अनेक वर्षे पुरले.

निकालानंतर चार महिन्यांच्या आत सर्वोच्च न्यायालय इतिहासजमा झाले. १८६१ च्या कायद्याने आणि २६ जून १८६२ च्या सनदेने ते आणि कंपनीची सदर अदालत यांचे मिळून एक उच्च न्यायालय झाले. पहिले मुख्य न्यायाधीश सॉसेच. १८६४ मध्ये जनार्दन वासुदेवजी यांनी हंगामी न्यायाधीश म्हणून काम पाहिले. या न्यायासनावर बसलेले ते पहिले भारतीय. १८६७ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले, पाठोपाठ फिरोजशहा मेहता. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी वकिली सुरू केली तीही न्यायालय या जुन्या बिऱ्हाडात होते तेव्हाच. तय्यबजी १८८७ मध्ये, तेलंग १८८९ मध्ये, मेहता १८९० मध्ये काँग्रेसच्या व्यासपीठांवर आणि न्यायासनांवर कुठे पोचले हे आपण वाचतो. वकील म्हणून त्यांची पहिली उमेदवारी झाली ती मात्र दाटीवाटीच्या या जुन्या घरात.

दाटी तर होणारच. गव्हर्नरच्या कुटुंबासाठी बांधलेल्या दालनांत पक्षकार, साक्षीदार, कारकून आणि दस्तांचे गठ्ठे मावणार कसे? १८६० च्या दशकात सर बार्टल फ्रिअर यांनी फोर्टची तटबंदी पाडली आणि पश्चिमेला मोकळी जमीन मिळाली. तिथे एप्रिल १८७१ मध्ये नव्या वास्तूचे काम सुरू झाले. रचनाकार कर्नल जेम्स फुलर, शैली गॉथिक. नोव्हेंबर १८७८ मध्ये ती पुरी झाली. खर्चाचा अंदाज १६,४७,१९६ रुपये होता आणि प्रत्यक्ष खर्च आला १६,४४,५२८. सरकारी काम अंदाजापेक्षा कमी पैशात झाले, ही नोंद अभिमानाने जपण्यासारखी आहे. १० जानेवारी १८७९ रोजी तिथे पहिली बैठक झाली. जुन्या घरापासून चालत पंधरा मिनिटांचे अंतर, पण वास्तूची भाषा पूर्ण बदललेली. जुने घर सपाट, मापात बसलेले, रस्त्याच्या पातळीवरचे. नवी वास्तू मनोऱ्यांची, टोकदार कमानींची, माणसाने मान वर करून पाहावी अशी.

रिकाम्या घरात हॉटेल आले, ‘ग्रेट वेस्टर्न’. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यापासून विलायतेच्या बोटींचे प्रवासी मुंबईत वाढले होते, त्यांना बंदराजवळ राहायला जागा हवी होती. मग हॉटेलही गेले, नाव तेवढे भिंतीवर टिकले. दालनांचे भाग पडले, कार्यालये थाटली गेली, रस्त्याच्या बाजूला दुकाने आली. जुन्या वास्तूंविषयी आस्था असलेली माणसे अशा वेळी हळहळतात. इथे हळहळण्याचे कारण नाही. फोर्टमधली अठराव्या शतकातली बहुतेक घरे पाडून त्यांच्या जागी नव्या इमारती झाल्या. या घरात दर महिन्याला भाडे भरणारे कोणी ना कोणी होते, छप्पर गळले तर तक्रार करणारे होते, म्हणून ते राहिले.

आता नागपूर. इथेही जॉर्जांच्या काळातले एक इंग्रजी घर होते, सीताबर्डीच्या टेकडीच्या पायथ्याची रेसिडेन्सी. रिचर्ड जेंकिन्स तिथे रेसिडेंट असताना २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेशी लढाई झाली आणि नागपूरचे स्वातंत्र्य त्या दोन दिवसांत खिळखिळे झाले. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, १८५४ मध्ये राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला. मुंबईला उच्च न्यायालय मिळाले, नागपूरच्या वाट्याला मात्र ज्युडिशियल कमिशनर आला आणि ही व्यवस्था पाऊणशे वर्षे चालली. या शहरातल्या वकिलांनी उच्च न्यायालयाची मागणी किती काळ लावून धरली असेल, याचा अंदाज या आकड्यावरून येतो.

२ जानेवारी १९३६ च्या सनदेने नागपूर उच्च न्यायालय जन्मले. सनद पाचव्या जॉर्जची. त्यानंतर अठरा दिवसांनी तो वारला. पहिले मुख्य न्यायाधीश सर गिल्बर्ट स्टोन. इथेही न्यायालय आधी जुन्या इमारतीत बसले. सिव्हिल लाइन्समधल्या त्या इमारतीत आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची कार्यालये आहेत आणि तिचा पत्ता अजूनही ‘ओल्ड हायकोर्ट बिल्डिंग’ असाच लिहिला जातो. लायन गेटच्या घराला हॉटेलचे नाव चिकटले, नागपूरच्या घराला न्यायालयाचे.

नव्या वास्तूची कोनशिला ९ जानेवारी १९३७ रोजी गव्हर्नर सर हाइड गोवन यांनी बसवली. रचनाकार हेन्री मेड, नव्या दिल्लीच्या उभारणीत लटियन्सच्या हाताखाली तयार झालेले. दिल्लीतली कॅथीड्रल चर्च ऑफ रिडेम्प्शन त्यांचीच. चारशे फूट बाय दोनशे तीस फुटांचा विस्तार, मध्ये मोकळी बाग, पुढेमागे वाढवता येईल अशी सोय, खर्च ७,३७,७४६ रुपये. ६ जानेवारी १९४० रोजी व्हाइसरॉयने उद्घाटन केले आणि तिला दगडातली कविता म्हटले. घुमट पाहून आपण तिला भव्य म्हणतो. पण घुमटाखालची दर्शनी भिंत जरा निरखून पाहावी. दोन्ही बाजूंचा तोल, खिडक्यांची शिस्तबद्ध ओळ, सजावटीचा संयम आणि प्रमाणावरचा भर तिथे आहे. मुंबईच्या गॉथिक उच्च न्यायालयापेक्षा नागपूरची वास्तू हॉर्नबीच्या घराच्या अधिक जवळची आहे, कारण लटियन्स आणि त्यांचे सहकारी ज्या अभिजात परंपरेकडे वळले, तिच्यातूनच जॉर्जियन घरेही निघाली होती.

नात्याचा आणखी एक धागा न्यायनिवाड्यांत सापडतो. मोरो रघुनाथच्या वेळी देहोपस्थितीच्या आदेशाचा जो प्रश्न गाजला, तोच १९४२ च्या धामधुमीत नागपूरच्या न्यायालयापुढे आला. युद्धकाळातल्या संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केलेल्यांना न्यायालयाकडे दाद मागता येते का? तारे विरुद्ध सम्राट या खटल्यात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी केलेले विवेचन पुढे देशभर उद्धृत झाले. याच बोस यांनी भगवतीचरण शुक्ल खटल्यात आणखी एक कसोटी घालून दिली. शब्दांचा परिणाम भेकड आणि संशयी मनांवरून जोखू नये, तो विवेकी, खंबीर आणि धीट माणसांच्या मापाने जोखावा, असे त्यांनी सांगितले. भाषणस्वातंत्र्याचा विषय निघाला की सर्वोच्च न्यायालयात आजही त्या कसोटीची आठवण काढली जाते.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचे आश्वासन दिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. मुख्य न्यायाधीश एम. हिदायतुल्ला नव्या मध्य प्रदेशचे मुख्य न्यायाधीश होऊन जबलपूरला गेले आणि सिव्हिल लाइन्समधल्या मेड यांच्या वास्तूत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ बसू लागले. त्या दिवसापासून नागपूरच्या न्यायालयाला दोन वंशावळी मिळाल्या. ज्युडिशियल कमिशनरची एक. आणि सॉसे, ग्रँट, रेकॉर्डर, हॉर्नबीचे घर अशी मागे जाणारी दुसरी.

पहिल्या वंशावळीची कागदपत्रे नागपुरात आहेत आणि त्यांच्यावर लिहिले गेले आहे. दुसरीच्या बाबतीत नागपूरने आजवर हात आखडता घेतला. ग्रेट वेस्टर्न बिल्डिंगच्या दर्शनी भिंतीवर, दुकानांच्या पाट्यांच्या शेजारी, १८२९ चा आणि १८६२ चा उल्लेख करणारा एक फलक मराठीत लागावा, यासाठी मुंबईच्या वकील मंडळींबरोबर नागपूरकरांनीही पुढाकार घ्यावा. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या हायकोर्ट इमारतीचे दालनवार नकाशे काढून घेण्याचे कामही आताच करण्यासारखे आहे. मुख्य न्यायाधीशांचे दालन कोणते, बाररूम कुठे भरे, पक्षकार कोणत्या दाराने येत, हे सांगू शकणाऱ्या घराण्यांची पुढची पिढी अजून या शहरात वकिली करते आहे.